चारही एकसारखी

लीड्समधला माझा पहिला हिवाळा लॅपटॉपसमोर गेला. काम पूर्ण रिमोट, चारच्या आत अंधार, आणि मीटिंग सोडल्या तर दिवसभर कुणाशी बोलणं नाही. मार्चमध्ये दूध आणायला गेले आणि दुकानाबाहेर ठेवलेली प्रिमरोझची कुंडी घेऊन आले. सुरकुतलेली पानं, मधोमध लोण्यासारखी फिकट पिवळी फुलं. इथल्या रानात, शेतांच्या बांधांवर हे आपोआप उगवतं. नावाचा अर्थ 'पहिला गुलाब', पण गुलाबाशी काही नातं नाही.

भाड्याच्या घरामागे वीतभर माती आहे. ऊन कमी, ओल भरपूर. प्रिमरोझला तेच मानवतं. फुलं ओसरल्यावर मे महिन्यात मी रोप उकरून काढलं, मुळांसकट त्याचे चार भाग केले आणि पुन्हा लावले. पुढच्या वसंतात चारही फुलली. सांगलीला आईला व्हिडिओ कॉलवर दाखवली. ती म्हणाली, "छान गं. बी धरलं होतं का मागच्या वर्षी?"

नव्हतं. बग शोधायची सवय, म्हणून वाचत बसले आणि थेट डार्विनपाशी पोचले. त्याने १८६२ साली यावर लिहिलं होतं. प्रिमरोझच्या काही रोपांच्या फुलांत नळीच्या तोंडाशी टाचणीच्या डोक्यासारखी कुक्षी दिसते आणि पराग आत खोल असतात. काही रोपांत बरोबर उलट. टाचणीवाल्याला टाचणीवाल्याचेच पराग मिळाले, तर बी फारसं धरत नाही.

माझी चारही टाचणीवाली. असणारच, एकाच रोपाच्या कॉप्या त्या. इतकी माती उकरून मी फक्त बॅकअप घेतला होता.

कोपऱ्यावरच्या घरातल्या आजींच्या अंगणात प्रिमरोझ होती. दीड वर्षात त्यांच्याशी मान हलवण्यापलीकडे ओळख नव्हती. एका शनिवारी वाक्य तीनदा मनात घोकून बेल वाजवली: तुमची फुलं जवळून बघू का? आम्ही दोघी गुडघे टेकून बसलो. त्यांच्याकडे दुसरा प्रकार होता. त्यांनी एक गड्डा काढून वर्तमानपत्रात गुंडाळून दिला आणि चहाला थांबवलं. दोन तास.

यंदा बोंडं भरली. बारीक, तपकिरी बी. थोडं ट्रेमध्ये पेरून हिवाळाभर बाहेरच ठेवणार आहे, कारण थंडी खाल्ल्यावर ते चांगलं उगवतं. आईला फोटो पाठवला. उरलेलं बी पाकिटात घालून कोपऱ्यावरच्या घरी गेले. या वेळी काही घोकलं नव्हतं.