साधी वाळू, गौण खनिज

मराठी कायदेभाषेतल्या काही शब्दांपुढे साहित्याच्या विद्यार्थ्याने थोडे थांबायला हवे. 'गौण खनिज' हा त्यांपैकी एक. १९५७ च्या खाणी व खनिजांविषयीच्या केंद्रीय कायद्याने इमारतीचा दगड, खडी, साधी चिकणमाती आणि साधी वाळू ह्यांना एका पंगतीत बसवले. सोने, कोळसा, बॉक्साइट ही प्रधान खनिजे. आणि ज्यांच्यावर आपले घर उभे राहते, ती गौण. ह्या गौण वस्तूंपोटी शासन जी रक्कम घेते तिचे नाव मात्र भारदस्त: 'स्वामित्वधन'. गौणाचेही कुणीतरी स्वामी असते, एवढे भान भाषेने राखले आहे.

मंडणगड तालुक्यातल्या आमच्या वडिलोपार्जित घराची पडवी आणि परसातला ढासळलेला बांध दुरुस्त करायचे ठरले, तेव्हा हे शब्द पुस्तकातून उतरून अंगणात आले. वाळू, खडी आणि माती मागवायची होती. वर्गात 'वाळूचे कण' हे प्रतिमा म्हणून शिकवणे वेगळे आणि ते किती ब्रास लागतील हे सांगणे वेगळे.

ब्रास म्हणजे शंभर घनफूट. दहा फूट लांब, पाच फूट रुंद आणि दोन फूट उंच हौदा काठोकाठ भरला की एक ब्रास होतो. परंतु डंपर काठोकाठ भरलेला क्वचितच असतो. मध्ये शीग आणि कोपरे रिकामे. म्हणून माल उतरवण्यापूर्वी टेप लावावा, हे आमच्या गवंड्याने पहिल्याच दिवशी बजावले. ओल्या वाळूचे कण एकमेकांपासून दूर राहतात आणि तिचे आकारमान पाव हिश्शापर्यंतही वाढू शकते. मापात पाणीच विकत घेतले जाते. वाळू पारखायची रीतही सोपी आहे. काचेच्या बरणीत वाळू घालून वर पाणी ओतावे, हलवून ठेवून द्यावे. काही तासांनी वाळूवर गाळाचा थर बसतो. तो जाड असेल तर गाडी परत पाठवावी. खडीचे गणित त्यामानाने सरळ: काँक्रीटला वीस मिलिमीटरची काळ्या दगडाची खडी, पातळ थराला त्याहून बारीक.

खरा पेच वाळूचा होता. पुरवठादाराने दूरध्वनीवर दोन पर्याय ठेवले. "पास हवा असेल तर क्रश घ्या, सर. खाडीची हवी असेल तर रात्री येईल, पण पावती मागू नका." मंडणगडच्या उत्तरेला सावित्री आहे, बाणकोटला ती समुद्राला मिळते. ह्या खाड्यांत पूर्वीपासून माणसे बुडी मारून बादलीने वाळू काढत. सरकारी कागदांत त्या पद्धतीला 'हातपाटी-डुबी' असे नाव आहे. माणसाच्या श्वासालाच मर्यादा असल्याने त्या उपशालाही मर्यादा होती. सक्शन पंपाला श्वास नसतो. २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने पाच हेक्टरांहून लहान क्षेत्रातल्या गौण खनिजांच्या उत्खननालाही पर्यावरणीय परवानगी आवश्यक ठरवली, ती काही उगाच नव्हे.

खाडीच्या वाळूला तांत्रिक आक्षेपही आहे. तिच्यातला क्षार सळईला गंजवतो. गंजलेली सळई फुगते आणि काँक्रीट फोडते. भिंतीला लोणा लागतो तो निराळाच. पण हे कारण पुढे करून मी सुटू इच्छित नाही. ती वाळू गोडी असती, तरीही प्रश्न उरला असता. बाणकोटच्या दक्षिणेला वेळास आहे. तिथे २००२ पासून ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी राखली जातात. मादी किनाऱ्यावर दीड-एक फूट खड्डा उकरून अंडी घालते आणि निघून जाते. ऊब देण्याचे काम वाळू करते. नदीमुखाजवळचे किनारे काही अंशी नदीने आणलेल्या वाळूवरच पोसले जातात. म्हणजे ज्या वस्तूला आपण बांधकामाचा माल म्हणतो, ती आधीच कुणाचे तरी घर असते. रूपक म्हणून हे मी सांगत नाही.

मग क्रश निर्दोष ठरते काय? तसेही नाही. ती काळा दगड फोडून होते. नदी वाचते तिथे डोंगर जातो. तिचे कण कोनदार असतात, मिश्रणाला पाणी अधिक लागते. "ही वाळू पाणी फार पिते हो, गुरुजी," असे म्हणत गवंड्याने गिलाव्याचा पहिला हात मारला. मातीचेही तेच. भातखाचराची वरची वीतभर माती स्वस्तात मिळत होती. ती बागेला उत्तम, पण तेवढा थर तयार व्हायला किती पावसाळे लागले असतील ह्याचा हिशेब ब्रासमध्ये होत नाही. भरावाला मुरूम घेतला आणि फुलझाडांच्या वाफ्यांना घरचाच पालापाचोळा व शेणखत पुरवले.

काकूंनी मात्र ह्या साऱ्या चर्चेवर एक प्रश्न टाकला: "एवढी वाळू लागतेच कशाला?" जुन्या बांधाचे जांभ्याचे चिरे शाबूत होते. जांभा जमिनीत असताना कोयत्यानेही तासता येतो आणि हवा लागली की कठीण होतो. १८०७ साली ह्या दगडाला इंग्रजी नाव देणाऱ्या फ्रान्सिस ब्यूकननला मलबारात हाच गुण भावला होता. आमचे चिरे कित्येक दशके हवा खाऊन पक्के झालेले. तेच पुन्हा रचले. पडवीला फरशीखाली काँक्रीटचा जाड थर द्यायचा बेत सोडला. पाच ब्रास वाळूचा अंदाज होता, दोन ब्रासवर आला. ती क्रश, पावतीसह. शेजाऱ्यांना ती महाग वाटली. त्यांचे चुकले असे म्हणवत नाही. ज्याचे घर पावसाळ्याआधी पुरे व्हायला हवे आणि ज्याला पगार नाही, त्याने रात्रीची गाडी नाकारावी अशी अपेक्षा धरणे मला सोयीचे आहे, त्याला नाही.

आपल्या कवितेने वाळूला निष्फळतेची आणि क्षणभंगुरतेची खूण मानले, मातीला मातेचे नाव दिले. कायद्याने दोघींना गौण म्हटले, बाजाराने ब्रासमध्ये मोजले. तिन्ही ठिकाणी एक गोष्ट सुटली: ती कुठून उचलली, हे. साहित्याच्या वर्गात आपण शब्दाची व्युत्पत्ती विचारतो. डंपरच्या हौद्यातल्या मालाची व्युत्पत्ती विचारण्याची सवयही तितकीच अवघड नसावी. पावती मागणे ही तिची सुरुवात आहे. पाचाचे दोन करणे हा तिचा पुढचा धडा.