वीस फुटांची खूण

२०११ च्या मे महिन्यात मी पाळीहून एका ख्रिस्ती वैद्यकीय पथकाबरोबर शेजारच्या तालुक्यातील अनाथालयात आठ दिवस राहिलो. डॉक्टर परप्रांतीय, मुलांची कोंकणी त्यांना समजावून देणे हे माझे काम. डॉ. वानलेस यांनी १८९४ साली मिरजेत रुग्णालय उघडले आणि पुढे कित्येक वर्षे ते तिथेच राबले. आमचे आठच दिवस! एवढ्यात काय साधणार, असे मनात येई.

चौथ्या दिवशी नजर तपासताना वीस फुटांवरचा तक्ता एका मुलीला दिसेचना. “आम्ही हिला मठ्ठ समजत होतो,” सिस्टर पुटपुटल्या. माझ्या पोटात खड्डा पडला. फळ्यावरचे उतरवून घेत नाही म्हणून माझ्या वर्गातल्या एका मुलाला मी वर्षभर उभे केले होते.

निघताना त्या मुलीने विचारले, “सर, परत केन्ना येतले?” मला उत्तर देता आले नाही.

जूनमध्ये त्या मुलाला डॉक्टरांकडे नेले. चष्मा लागला. आज मुख्याध्यापक आहे, तरी दरवर्षी शाळा उघडली की व्हरांड्यात वीस फुटांची खूण मी स्वतः आखतो. त्या अनाथालयात मात्र पुन्हा जाणे झाले नाही. त्या प्रश्नाचे देणे अजून तसेच आहे.