केचपविना

न्यू हेवनमध्ये भाचा म्हणाला, "मामा, गावातला उत्तम हॅम्बर्गर दाखवतो!" नि मला 'लुईज लंच'मध्ये घेऊन गेला. १८९५ साली सुरू झालेले हे चिमुकले उपाहारगृह. १९७५ साली त्याची विटांची इमारतच उचलून क्राउन स्ट्रीटवर आणली! बिडाच्या उभ्या शेगडीत भाजलेले गोमांस, भाजक्या पावाचे दोन तुकडे. हवे तर चीज, कांदा, टोमॅटो. केचप मात्र मागूनही मिळायचे नाही.

मी गोमांस खात नाही. उत्साहाच्या भरात आलेला भाचा पहिल्या घासालाच ओशाळला. "मामा, आईला सांगू नका हं!"

"खा रे निवांत," म्हणून मी बटाट्याचे सॅलड मागवले.

हॅम्बर्गरची चव मला ठाऊक नाही. पण परदेशी एकट्याने जेवणारे ते पोर माझ्यासमोर पोटभर जेवले, यातच मी तृप्त झालो.