पीळ

सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, ही म्हण माझ्या कानी प्रथम पडली ती आमच्या नानांना उद्देशून. तालुक्याच्या खजिन्यावर पहाऱ्यास असलेले नाना हवालदारीच्या फितींहून मिशांच्या पिळास अधिक जपत. आणि रविवारी शस्त्रागाराच्या ओसरीत आपली .410 ची मस्केट पुलथ्रूने साफ करून झाली, की बोल्ट काढून, नळीच्या मागच्या तोंडाशी अंगठ्याचे नख धरून, “बघ बाळ, आरसा आहे की नाही?” असे म्हणत ती माझ्या डोळ्यास लावीत. नखावरून परतलेल्या उजेडात नळीचे अंतरंग नितळ दिसे, आणि त्या नितळपणाचा मला मोठा अभिमान वाटे.

पुढे कॉलेजात एन.सी.सी.च्या उस्तादांनी .303 रायफलीच्या नळीतून पाहावयास लावले, तेव्हा मी चपापलो. आत पाच खाचा डावीकडे वळत, दर 10 इंचांस एक पूर्ण वेढा घेत गेल्या होत्या. गोळीस फिरकी देऊन तिला दूरवर सरळ धाडणारा तो पीळ होता. नानांची मस्केट मूळची हीच रायफल. परंतु इशापूरच्या कारखान्यात तिची नळी रुंद कोरून खाचा पार नाहीशा केलेल्या, मॅगझीनच्या जागी लाकडी ठोकळा बसवलेला, आणि .303 च्याच काडतुसाची निमुळती मान सरळ करून तिच्यासाठी नवे काडतूस घडविलेले. पलटणीचा पल्ला पहारेकऱ्याच्या हाती असू नये, हा त्यामागचा सरकारी हिशेब. तो जुनाच होता: 1857 च्या उठावानंतर हिंदी शिपायांसाठी .577 च्या एन्फील्डच्या घाटाची, परंतु सुमारे .65 इंच रुंद, बिनपिळाच्या नळीची बंदूक 1858 साली काढण्यात आली होती. ज्यास मी आरसा समजत आलो, तो अविश्वासाने घासून काढलेला होता.

नाना निवृत्त झाल्यावर एकदा भीत भीत विचारले, “नाना, तुमच्या हाती असली बोथट बंदूक दिली, याचे तुम्हांला कधी वाईट नाही वाटले?”

ते हसले. “अरे, खजिन्यावर का कोणी मैलावरून चालून येतो? आपण उभे दारात. दारापुरती पुरे होती. आणि तीही कधी झाडावी लागली नाही.”

एवढे बोलून त्यांचा हात सवयीने ओठांवर गेला. तेथे पिळण्याजोगे आता फारसे उरले नव्हते. तरी बोटे फिरलीच.