आधी झाड, मग गाडी

पुण्याजवळ पिंपरी-चिंचवडच्या परिसरात एके काळी उजाड, खडकाळ माळ पसरलेला होता. १९६६ साली टेल्को कंपनीने तेथे मालमोटारींच्या नव्या कारखान्याचा पाया घातला. या कामाचे सूत्रधार होते सुमंत मुळगावकर.

लंडनला अभियांत्रिकी शिकून आलेल्या मुळगावकरांना जमशेदपूरच्या कारखान्याचा अनुभव होता. तेथे १९५४ पासून जर्मन कंपनीच्या सहकार्याने मालमोटारी तयार होत असत. परंतु यंत्रे घडविणारे हातही आपल्याच देशात तयार झाले पाहिजेत, असा त्यांचा आग्रह होता. म्हणून पुण्यात त्यांनी आधी तरुणांना कारागिरीचे शिक्षण देण्याची सोय केली. अवजारे व यंत्रे घडविणारे विभाग उभारले. ओसाड भूमीवर झाडे लाविली, तळे निर्माण केले.

आणि गाडी? पुण्यातली पहिली गाडी बाहेर पडली १९७७ साली! अकरा वर्षे धीर धरणे सोपे नव्हते. पण रोप लावणाऱ्याला फळाची घाई करून चालत नाही.

१९८८ मध्ये त्यांनी अध्यक्षपद सोडले. पुढच्याच वर्षी, वयाच्या त्र्याऐंशीव्या वर्षी, ते निवर्तले. त्यांनी लाविलेल्या झाडांनी तोवर त्या माळाचे रूप पालटून टाकले होते.