मोटारीची गर्जना

कल्याण-बदलापूर रस्त्यावरून रात्रीं कानठळ्या बसविणारी मोटार गेली, कीं आमच्या घरांतील वडील मंडळी दचकून उठतात. आणि आतां आमच्याच पुतण्यास तसली गर्जना हवी आहे! "काका, मूळच्या सायलेन्सरनें इंजिनाचा श्वास कोंडतो," असें त्याचें म्हणणें. तें अगदींच खोटें नाहीं. धूर बाहेर ढकलण्यांत इंजिनाची कांहीं शक्ति खर्ची पडतेच. परंतु नळी जितकी रुंद तितकें बळ अधिक, ही समजूत भाबडी होय. धूर ठोक्याठोक्यानें निघतो, आणि प्रत्येक ठोक्यामागें उरणारा कमी दाब पुढील धुरास ओढून घेतो. नळी फाजील रुंद झाली, तर ही ओढ मंदावते व गाडी निघतांना उलट रेंगाळते.

उल्हासनगरच्या एका कारागिरानें मधला मार्ग सुचविला. वळणावर चेपलेली नळी काढून सुबक वळणाची घालावी. पुढें सच्छिद्र नळीभोंवतीं काचेची लोकर भरलेला सायलेन्सर बसवावा. धूर सरळ जातो, आवाज लोकरींत जिरतो. (घुमणारा खर्ज मात्र तिला फारसा आवरत नाहीं, त्यास निराळी पोकळ पेटी लागते.) धूर शुद्ध करणाऱ्या कन्व्हर्टरला हात लावावयाचा नाहीं, हें आम्हीं बजावलें.

१९८९ च्या मोटारवाहन नियमांनीं सायलेन्सर सक्तीचा केला आहे, आणि २००० च्या ध्वनिनियमांत निवासी वस्तीस रात्रीं ४५ डेसिबलांचीच मर्यादा आहे. पुतण्यास हीं कलमें नीरस वाटतात. म्हणून आम्हीं अट घातली आहे : गाडी प्रथम त्याच्या आजीच्या खिडकीखालीं चालू करून दाखवावी, पैसे मागाहून.