वापरलेला पिस्टन

जुन्या बुलेटचा ब्लॉक खोललाय आणि शेजारी दुसऱ्याच्या इंजिनातून निघालेला ओव्हरसाइज पिस्टन ठेवलाय. साडेतीनशे बुलेटचा मूळ बोअर ७० मिलिमीटर, स्ट्रोक ९०. म्हणजे ३४६ सीसी. हा पिस्टन दीड मिलिमीटरनं मोठा, हिशेबानं ३६१ सीसी भरतात. पंधरा सीसींनी गाडी उडायला लागत नाही. मला तो झिजलेला मूळ ब्लॉक वाचवायचाय.

आमच्या गावच्या किल्ल्यात दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळातला पाणीमहाल बोरी नदीचा लोंढा अजून अंगावर घेतो. अशा गावात राहून जुनं सहज टाकवत नाही.

पण जुन्या पिस्टनच्या नुसत्या चकाकीला भुलायचं नाही. आधी रिंगांच्या खाचा. नवी रिंग बसवून फीलर गेज घालायचा. वरची खाच सगळ्यात जास्त भाजते, ढिलाई तिथंच सापडते. मग गजन पिनच्या भोकाशी भिंगानं तडे शोधायचे. केसाएवढा तडा दिसला तरी पिस्टन भंगारात, पैसे कितीही मोजलेले असोत. स्कर्टचं माप पिनेच्या काटकोनात घ्यायचं, कारण पिस्टन थंडपणी किंचित लंबगोल असतो. सोलापूरला ब्लॉक बोअर करायला देताना पिस्टनही सोबत द्यायचा. खोक्यावरच्या आकड्यावर भरवसा नको. वजनही जुन्याशी ताडायचं, फरक मोठा असेल तर इंजिन थरथरतं.

रिंगा मात्र नव्याच. आणि सुरुवातीचे काही शे किलोमीटर हैदराबाद रस्त्यावर गाडी हळूच, मागून ट्रकनं कितीही हॉर्न वाजवले तरी.